मुले ज्यांच्याकडे जातात

हरिभाऊ शेडगे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते वर्गाच्या खिडकीतून. माझ्याआधी माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांना पाहिले होते. भोरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. कविता चालू होती. वर्ग शांत होता आणि ही शांतता माझी आहे असा माझा समज होता. मग लक्षात आले, की सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले आहेत. मी वळून पाहिले. मैदानावर एक उंच, सावळे गृहस्थ उभे होते. गळ्यात शिट्टी होती, ती वाजत नव्हती. त्यांच्यासमोर मुले कबड्डीचे मैदान आखत होती, चुकत होती, पुसून पुन्हा आखत होती. ते नुसते पाहत होते.

तास संपल्यावर ते दारात येऊन थांबले. नमस्कार करून म्हणाले, ‘‘सर, दोन पोरं द्या. संघाला माणूस कमी पडतोय.’’ मी दिली. पुढे वर्षानुवर्षे देत राहिलो. ती परत येत, पण अंगाला माती, तोंडावर हसू आणि वहीत काही नाही, अशी.

हे मी हेव्याने लिहीत आहे. गौरवग्रंथात हेव्याला जागा नसते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहायला नकोच म्हणत होतो. परंतु सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभासाठी निघणाऱ्या या ग्रंथाचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत माझी मुलगी मुक्ता आहे. ती म्हणाली, ‘‘बाबा, कौतुकाचे लेख ढिगाने आलेत. सर लाजतील, वाचणार नाहीत. तुमचा मात्र वाचतील.’’ का, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

सर आमच्याकडे शारीरिक शिक्षण शिकवत. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या विषयाला विषय मानण्याची पद्धत नव्हती. परीक्षा जवळ आली की त्यांचे तास इतरांना वाटून दिले जात. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. तासच नाहीत तर काय करता, असे एकदा कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘पोरं येत्यात की संध्याकाळी.’’ हे खरे होते. माझा तास वेळापत्रकात होता आणि मुले घड्याळाकडे बघत. त्यांचा तास वेळापत्रकातून गेला होता आणि मुले अंधार पडेपर्यंत हलत नसत.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. हिर्डोशीच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक, अशी दोन गावे आहेत. नावे मुद्दाम लिहीत नाही. ज्याचे नाव नंतर लिहीन ते गाव रागावेल. उंचीप्रमाणे एकाला वरचे म्हणू, दुसऱ्याला खालचे. सर खालच्या गावचे. दोन्हींच्या मधल्या डोंगरावर देवीची राई आहे. तिथल्या झाडाची फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. पण उन्हाळ्यात डोंगराचे गवत कुणीतरी पेटवते, कारण जाळले की पावसाळ्यात गवत दाट येते अशी समजूत आहे. ती आग चढत जाते आणि राईची कड खाते. कुऱ्हाड न लावता राई वर्षागणिक लहान होत होती. म्हातारी माणसे हे बघत होती. तरुण महामार्गालगतच्या कंपन्यांत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी गावात असत, तेव्हा पारावर मोबाईल घेऊन बसत.

सर त्यांना पर्यावरणाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना ते बोलताही आले नसते. आजही त्यांच्या लेखी लहान पक्षी म्हणजे चिमणी आणि मोठा म्हणजे घार. मला निदान नावे येतात. कवितांमधून बरीच जमा झाली आहेत. एकदा राईच्या वाटेवर एक पक्षी ओरडला, मी त्याचे नाव सांगितले. सर म्हणाले, ‘‘असंल. तुमी म्हणता तर असंल.’’ सोबतची मुले हसली. कुणाला, ते मला कळले नाही.

त्यांनी केले ते असे. वरच्या गावातल्या चहाच्या टपरीवर ते जाऊन बसले आणि कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, की खालच्या पोरांनी ओढ्यापर्यंतचे गवत कापून जाळरेषा काढली म्हणे. वणवा पुढे सरकू नये म्हणून डोंगराच्या अंगावर गवत काढून मोकळ्या जमिनीचा पट्टा ठेवतात, ती जाळरेषा. टपरीवर संपत नावाचा एक दाढीवाला तरुण होता. तो म्हणाला, ‘‘ओढ्यापतुर? तेवढं तर म्हसरंबी खात्यात.’’ सर म्हणाले, ‘‘मला काय ठावं. तुमच्या गावाच्यानं न्हाई व्हायचं, असं म्हणत व्हती.’’

पुढच्या सुट्टीला संपत विळे आणि माणसे घेऊन डोंगरावर होता. खालच्या गावाने तोवर एक काडीही कापलेली नव्हती. सरांनी त्याच संध्याकाळी खालच्या पारावर जाऊन वरच्या गावाची बातमी दिली. तोपर्यंत ती खरी झाली होती.

दोन्ही गावे अशी कामाला लागली. कोण किती रुंद पट्टा काढतो, कोणाचा स्वच्छ, याच्या चर्चा कंपनीच्या बसमध्येही होऊ लागल्या. सर शिट्टी वाजवत नव्हते. मध्ये एका खडकावर बसून दोन्हीकडे बघत होते. मी हे बघायला एकदा गेलो होतो. तरुणांना निसर्गाची ओढ कशी लावावी यावर मी एक व्याख्यान पूर्वी दिले होते, त्यात हेव्याचा उल्लेख नव्हता.

मुक्ता तिथे गेली ती आमच्या महाविद्यालयाच्या शिबिराबरोबर, मदतीला म्हणून. मराठीत एम.ए. झाली होती, पुढची पात्रता परीक्षाही पास झाली होती. तिने प्राध्यापक व्हावे ही माझी इच्छा होती. तिची नव्हती असे तिने कधी म्हटले नाही. शिबिर संपले, ती घरी आली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. मग तिने खालच्या गावात एक खोली घेतली. भोरला काही तास शिकवायची, उरलेला वेळ डोंगरावर. मी पत्नीजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, ‘‘तुम्ही तिला झाडांच्या कविता शिकवल्या. ती झाडांकडे गेली. तक्रार कुणाकडे करताय?’’

पुण्याच्या एका महाविद्यालयातून मुक्ताच्या नेमणुकीचा निरोप आला तो उन्हाळ्यात. कायम जागा होती. सोमवारी हजर व्हायचे होते. तिचा फोन लागत नव्हता. मी एस.टी.ने फाट्यापर्यंत गेलो आणि पुढे चालत निघालो. वाटेत करपल्याचा वास येऊ लागला.

आदल्या दुपारी वणवा लागला होता. राईची खालची कड जळाली होती. तिथला एक जुना हिरडा अजून आतून धुमसत होता. दोन्ही गावांची मुले काळ्या तोंडांनी उभी होती, वेगवेगळी.

झाले होते ते असे. दोन गावांच्या मधल्या शिवेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. शिवेपलीकडच्या गवताला विळा लावायचा नाही ही तिथली रीत. लावला तर मालकी सांगितल्यासारखे होते, आणि त्यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. त्या वर्षी दोन्ही जाळरेषा प्रथमच इतक्या वर आल्या, की दगडापाशी भिडायच्या होत्या. दोन्हीकडची मुले दगड दिसू लागताच थोडी अलीकडे थांबली. उगाच वाद नको, म्हणून. दोघांनीही शहाणपण केले. मध्ये अंगणाएवढ्या रुंदीची गवताची पट्टी उभी राहिली, आणि आग बरोबर तिच्यातून वर गेली.

‘‘आमची रेष बघा की,’’ संपत म्हणत होता. ‘‘एक काडी न्हाई ऱ्हायली.’’

‘‘मग हिरडा काय आमी पेटवला व्हय?’’ खालच्यांपैकी एकाने विचारले.

‘‘पट्टी तुमच्या अंगाला व्हती.’’

‘‘दगडाच्या पल्याड तुमचीच येती. दगडाला शेंदूर लावायला तरी येता का कवा?’’

आता हात उगारले जातील असे मला वाटले. सर राखेत उकिडवे बसले होते. ते न उठता म्हणाले, ‘‘दोघांचीबी रेष बरूबर हाय. चूक माजी. म्या तुमाला निस्ती चुरस लावून दिली. शीव माझ्या ध्यानातच न्हाई आली.’’

सरांनी वर पाहिले. ‘‘आता काय करायचं ते तुमी सांगा.’’

मला वाटले, की ते थोडे थांबून स्वतःच सांगतील. शिक्षक असेच विचारतो. उत्तर त्याच्या खिशात असते. सरांच्या खिशात उत्तर नव्हते. ते खरोखर वाट पाहत होते. ती शांतता माझ्या वर्गातल्या शांततेसारखी नव्हती.

‘‘सर, आपण गावाकडनं सुरू करतो, तेच चुकतंय,’’ मुक्ता म्हणाली. ‘‘शिवेवरनं सुरू करू. दोन्ही गावं दगडापाशी उभी करायची. पाठीला पाठ लावायची आणि आपापल्या गावाकडं कापत जायचं. मग मधे काही उरणारच नाही.’’

संपतने विचारले, ‘‘आन् विळा त्यांच्या गवताला लागला तर?’’

‘‘लागू दे. त्यांचापण तुमच्या गवताला लागेल.’’

‘‘पाठ लावायची तर ह्याला आंघूळ करून यायला सांगा,’’ खालच्या गावातला एक जण संपतकडे बोट करून म्हणाला. आधी खालचे हसले. मग वरचेही हसले, आणि शेवटी संपत.

सर म्हणाले, ‘‘व्हय. मुक्ता म्हणती तसं.’’ एवढेच. त्यांनी तिचे कौतुक केले नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दोन्ही गावांनी मिळून दगडाला नारळ कधी द्यायचा हे ठरवायला लागले.

मी मागे उभा होतो. मुक्ता माझ्याच वर्गात शिकली, पहिल्या बाकावर बसायची. ‘तेच चुकतंय’ असे तिने मला एकदाही म्हटले नाही. मी त्याला आदर समजत होतो. सरांना ती चारचौघांत चूक सांगू शकत होती, कारण त्यांना सांगितलेली चूक पुढे कामाला येत होती. त्या दुपारी मला सरांचा जेवढा हेवा वाटला तेवढा ना त्याआधी कधी वाटला होता, ना त्यानंतर कधी वाटला.

तिने मला पाहिले, पाणी आणून दिले. मी चालत आलो म्हणून रागावली. मी नेमणुकीचे सांगितले. तिने जळालेल्या कडेकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘मी कळवते त्यांना. येणार नाही म्हणून.’’ माझ्याकडे बरेच मुद्दे होते, ते मी मांडले. ती ऐकून घेत होती. तिचे लक्ष हिरड्यातून निघणाऱ्या धुराकडे होते.

शेवटी मी सरांकडे वळलो. ‘‘सर, तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकेल.’’

हे म्हणणे मला सोपे गेले नाही. सरांना ते समजले असावे. त्यांनी तिला हाक मारली आणि माझ्या देखत, अगदी मनापासून सांगितले, ‘‘मुक्ता, तू जा. हितं पोरं हायेत. तुझे वडील इतक्या लांब चालत आले. कायम जागा रोज येत न्हाई.’’ त्यात आडपडदा नव्हता. तिने तिथून निघून जावे असे त्यांना वाटत नव्हते, तरीही त्यांनी एक शब्द हातचा राखला नाही. त्यांच्या सचोटीचे दुसरे उदाहरण द्यायची मला गरज वाटत नाही.

‘‘नाही सर,’’ मुक्ता म्हणाली, आणि पाण्याचा हंडा घेऊन हिरड्याकडे गेली.

त्यांचेही ती ऐकत नाही हे पाहून मला क्षणभर बरे वाटले. उतारावर येईपर्यंत ते बरे वाटणे संपले. ती सरांसाठी राहिली असती तर मला सरांवर रागावता आले असते. ती त्यांच्यासाठी राहिलीच नव्हती. मग हेवा करायचा तरी नेमका कुणाचा, हे मला कळेना. सवयीने मी तो सरांचाच करीत राहिलो.

त्यानंतर आमचे बोलणे कमी झाले. कमी झाले ते माझ्याकडून. सर भोरला आले की घरी डोकावत. पत्नीसाठी नाचणी आणत, मला नमस्कार करीत, चहा पिऊन जात. मुक्ताबद्दल मी विचारले तरच सांगत. पुढे मला डेंगी झाला आणि पुण्याला हलवावे लागले. रक्त देणारी माणसे हवी होती. पत्नीने सरांना फोन केला. दुपारपर्यंत महामार्गावरच्या सारोळ्याहून, कंपन्यांच्या बाजूने, एक टेम्पो रुग्णालयाच्या दारात उभा होता, मुलांनी भरलेला. वरच्या गावचे आणि खालचे एकाच टेम्पोत होते. आत जाताना त्यांची बाचाबाची झाली ती आधी कुणी झोपायचे यावर. संपतचे रक्त जुळले, दुसऱ्या गावच्या एकाचे जुळले नाही, तेव्हा तो दुसरा खट्टू झाला. नर्स त्यांना हसत होत्या.

मी जन्मभर शिकवले. माझ्या एका फोनवर रिक्षासुद्धा भरली नसती. संपत माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, आता लवकर बरं व्हा. वरच्या गावाचं रक्त हाय, वाया जाऊ देऊ नका.’’ सर दाराबाहेर बाकावर बसून होते. आत आले नाहीत. मी झोपेत नसलो तर मला बोलावे लागेल, आणि मला ते जड जाईल, हे त्यांनी ओळखले होते. ज्याचा हेवा करायचा तो माणूस निदान थोडा वाईट तरी असावा. ती सोयही सरांनी ठेवली नाही.

आता त्या डोंगरावर दर हिवाळ्याच्या शेवटी दोन्ही गावे शिवेवर जमतात. नारळ फुटतो. मुले पाठीला पाठ लावून उभी राहतात आणि मग एकमेकांपासून दूर जात रेषा काढतात. कंपनीत कामाला असलेले त्या दिवशी रजा टाकून येतात; न येणाऱ्याला वर्षभर ऐकून घ्यावे लागते. राईच्या जळालेल्या कडेवर जांभूळ आणि गेळा पुन्हा वर येत आहेत. भाटघरच्या बाजूच्या काही गावांनी ही रीत उचलली. वेल्ह्यातही काही ठिकाणी ती चालते, एका ठिकाणी मात्र चालली नाही. तिथे मुले जमली, दोन दिवस काम केले आणि पांगली. तरुणांचा दोष आहे असे सर म्हणाले नाहीत. ‘‘तिथं म्या लई बोललो,’’ असे ते म्हणाले. मी त्या सभेला होतो. त्यांचे भाषण मला आवडले होते.

या अमृतमहोत्सवी समारंभात सर सगळे काम मुक्ताच्या हाती सोपवणार आहेत. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे आणि आनंद झाला आहे. मला तो झालेला नाही. कारण सांगतो.

उन्हाळ्यात राईच्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवर, राखण असते. धूर दिसला की दोन्ही गावांत कळवायचे. आठवडाभर मुक्ता आणि मुले आळीपाळीने बसतात. रविवारी मुक्ता घरी येते. येते, जेवते, आईशी बोलते, मला चिडवते, सोमवारी सकाळी जाते. रविवारी तिथे कोण असते, हा प्रश्न मला इतकी वर्षे पडला नव्हता. यंदा पत्नीने सांगितले. रविवारी सर असतात. ही पाळी मुक्ताची होती, ती त्यांनी पहिल्याच वर्षी मागून घेतली. ‘‘पोरगी घरी गेली पायजे,’’ एवढेच कारण दिले, आणि मला कळवू नये असे सांगितले. पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ दर रविवारी काठी टेकत ती सोंड चढतात, उतरतीच्या उन्हात बसतात, आणि माझ्या घरी माझी मुलगी जेवत असते.

म्हणजे जे माझे म्हणून उरले आहे असे मी समजत होतो, तेही त्यांनीच राखून ठेवले होते.

सरांना दीर्घायुष्य आणि आरोग्य लाभावे, अशी इच्छा या ग्रंथात पुष्कळांनी व्यक्त केली असेल. माझी इच्छा त्या सगळ्यांहून स्वार्थी आहे, म्हणून अधिक नेमकी आहे. सर, तुमचे गुडघे शाबूत राहोत. तुमच्या नजरेला समोरच्या डोंगरावरचा धूर पुढची पुष्कळ वर्षे दिसो. काम खुशाल मुक्ताकडे द्या, रविवार देऊ नका. ती जबाबदारी घेईल आणि घरी यायची नाही. तिला तुम्ही ओळखता, आणि उशिराने का होईना, मीही ओळखतो.

तरीही एखाद्या रविवारी तुमच्याने चढवणार नाही. त्या दिवशी मला सांगा. मुक्ताला सांगू नका. मला रान समजत नाही, पण धूर मला दिसतो. मी वर येऊन बसेन. ती घरी जाईल, आईच्या हातचे जेवेल, दोघी उशिरापर्यंत बोलत बसतील आणि मी तिथे नसेन. तेव्हा मला माझ्या पत्नीचा हेवा वाटेल. तोही करीन.

पण घाई नाही, सर. तुम्ही भरपूर जगा. इतक्यात मला वर चढायला लावू नका.